एक जूनवाले लवूकाका

लवूकाकांचा वाढदिवस एक जूनला असतो आणि तो त्यांनी आयुष्यात कधी केलेला नाही, कारण तो त्यांचा नाहीच. ते जन्मले देवगडकडच्या एका गावात, भाताची लावणी चालू असताना. त्यांच्या आईने एवढंच सांगून ठेवलं होतं. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी त्यांना उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान हाताला लागला, म्हणजे पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा गुरुजींनी वहीत जन्मतारीख लिहिली एक जून १९४९ आणि पुढच्या पोराला बोलावलं. त्याचाही कान हाताला लागला, तोही एक जून.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत पासष्टीच्या वरचं कुठलंही माणूस धरा आणि जन्मतारीख विचारा. दहातले चार जण तरी एक जूनच सांगतील. गंगुकाकी, म्हणजे लवूकाकांची बायको, त्यासुद्धा एक जूनच्या. माझी आजी एक जूनची होती. कोणाला त्यात काही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो तमाशा झाला तो या तारखेवरून झाला आणि अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

मी मेघना. काकांच्या शेजारची खोली आमची. परळला एका कंपनीत जावामध्ये प्रोग्रॅम लिहिते. जावा ही कम्प्युटरला काम सांगायची भाषा, हे चाळीतल्या लोकांना मी इतक्या वेळा सांगितलंय की आता कोणी विचारत नाही. कोणाचा मोबाइल हँग झाला, कोणाचा ओटीपी आला नाही, की सगळे माझ्या दारात. माझं तोंड फाटकं आहे असं आई म्हणते. असेल. पण या वेळी ते फाटकं होतं म्हणून कामाला आलं.

काका तरुणपणी मुंबईत आले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. संप झाला, गिरणी गेली, बाकीच्यांचं झालं तेच त्यांचंही झालं. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मग लालबागला नानांच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळायला म्हणून शिरले. माती मळता मळता रंगावर आले आणि रंगावरून डोळ्यांवर. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. ती सगळ्यांना जमत नाही. एक केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली की अख्खी मूर्ती भलतीकडे बघायला लागते. काका आखणीला बसायचे त्या दिवशी सकाळपासून चहा घ्यायचे नाहीत, हात कापतो म्हणून. डावा डोळा आधी. ब्रश टेकवताना श्वास धरायचे आणि कारखान्यातला रेडिओ कोणीतरी न सांगता बंद करायचं. लहानपणी मी ते बघायला जायची. काकांनी डोळा काढून ब्रश उचलला की मी आधी गणपतीकडे बघायची आणि मग काकांकडे, आणि दोघेही माझ्याकडे बघत असायचे.

गेल्या दोन वर्षांत काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग एका रेघेच्या दोन दिसायला लागल्या. गेल्या गणपतीला त्यांनी आखलेला एक डोळा नानांना पुसावा लागला. नाना माणूस चांगला. ओरडले नाहीत. दिवाळीनंतर एकदा घरी येऊन म्हणाले, "लवू, ऑपरेशन करून घे रे. श्रावणापर्यंत डोळा बरा झाला तर डोळे तूच काढ. नाहीतर मला दुसरा माणूस बघायला लागेल. तू ये, बस, उंदीर रंगव. पण डोळे नको."

उंदीर रंगव! इतकी वर्षं गणपतीचे डोळे उघडणाऱ्या माणसाला! नाना गेल्यावर काका खिडकीशी जाऊन बराच वेळ आपलाच पंजा डोळ्यांसमोर जवळ-लांब करत राहिले.

म्हणून जेव्हा दादरच्या एका ट्रस्टने आमच्या भागात मोफत मोतीबिंदू शिबिराची जाहिरात लावली, तेव्हा मीच ती काकांना वाचून दाखवली. नियम सोपा होता. आधी नाव नोंदवा. ज्यांचं वय जास्त त्यांचा नंबर आधी. ऑपरेशनं पावसाच्या आत. राहिलेल्यांना दिवाळीनंतरच्या शिबिरात. काका शहात्तरीला आलेले, म्हणजे नंबर पुढेच लागणार. त्या वेळी गंगुकाकी गावी होत्या आणि मला सुट्टी नव्हती. काका एकटेच गेले, मंडळाच्या हॉलमध्ये रांगेत उभे राहिले, आधार कार्ड दाखवलं, नाव दिलं. पावती वगैरे काही नाही. "झालं काका, जा," म्हणाले.

संध्याकाळी मी जिन्यात भेटले तर खूश होते. म्हणाले, "अगो मेघना, थंय सगळेच एक जूनवाले! तां टायपिंग करणारां चेडू हसाक लागलां. म्हणता कसां, काका, तुमचा पण एक जून?" आणि स्वतःच हसत वर गेले.

एप्रिलमध्ये यादी लागली. हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर पानंच्या पानं चिकटवलेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, ऑपरेशनचा दिवस. काकांचं नाव त्यात नव्हतं.

काका टेबलाशी गेले. तिथे ट्रस्टच्या पद्मजा मॅडम होत्या. त्यांनी लॅपटॉपमध्ये बघितलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "यादीत नाव नाही, म्हणजे नोंदणी झालेली नाही आजोबा. हे सगळं कम्प्युटरने होतं. त्यात माणसाचा हातच नाही, चूक कशी होईल? दिवाळीनंतर पुढचं शिबिर आहे, तेव्हा या हं."

माणसाचा हात नाही म्हणे. मग तो प्रोग्रॅम काय आकाशातून पडला?

पण काका भांडणारे नाहीत. ते घरी आले आणि खुर्चीत बसले. मी ऑफिसातून आल्यावर गंगुकाकींनी बोलावलं. काका म्हणाले, "नाव नाय म्हणतत. माझांच कायतरी चुकलां असतलां."

"काय चुकलं असणार? तुम्ही गेला होतात ना?"

"गेल्लंय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "गेल्लंय मा?"

आपण गेलो होतो ना, हे त्यांनी मला विचारलं! मला!

रविवारी गौतम आला. गौतम म्हणजे काकांचा मुलगा, नालासोपाऱ्याला राहतो, शिफ्टची नोकरी करतो, आईबापांवर जीव आहे त्याचा. वाईट मुलगा नाही तो. पण त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही गेलाच नसाल. हॉलपर्यंत गेला असाल, गर्दी बघून परत आला असाल. कम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" मग जिन्यात मला गाठून म्हणाला, "मेघना, बाबांना हल्ली विसरायला होतंय. मी बघतोय ना. एका डॉक्टरला दाखवतो मेंदूच्या."

त्यानंतर काकांचं जे झालं ते मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होते. गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठायचे. दाराला कडी घातली का म्हणून परत. गंगुकाकींना विचारायचे, "मी च्या घेतलंय काय गो?" कपाटाची चावी त्यांनी काकींकडे देऊन टाकली. कारखान्यात जायचं सोडलं. नानांचा माणूस बोलवायला आला तर म्हणाले, "नको, काय तरी उलटसुलट करून ठेवीन." जो माणूस सत्तर मूर्तींमधली कुठली मूर्ती कुठल्या मंडळाची हे न लिहिता सांगायचा, तो माणूस आपण एका दुपारी कुठे गेलो होतो हे शेजारच्या पोरीला विचारत होता. एका यादीमुळे!

डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं असतं. पण माणसाचा स्वतःवरचा भरवसा एकदा गेला की तो कुठल्या शिबिरात परत मिळतो, मला सांगा.

माझा काकांवर विश्वास होता. पण नुसत्या विश्वासाने काय होतं? मी त्या यादीचे फोटो मोबाइलवर काढून आणले. म्हटलं, लवू घाडी हे नाव चुकीचं टाईप झालं असेल. लवूचं लहू, लहूचं लव, घाडीचं गाडी, काय वाट्टेल ते करतात ही माणसं. सगळी पानं चाळली, नाही सापडलं. मग म्हटलं, यादी वयाच्या क्रमाने लावलीय, तर नाव कशाला शोधा, तारीखच शोधू. १९४९ पर्यंत आले. १ जून १९४९ ला एक नाव होतं, कुणी कमळाबाई, काळाचौकीच्या. त्याच्या खाली एकदम १४ जुलै.

एकच?

मी वर गेले. १ जून १९४८, एक. १ जून १९४७, एक. खाली गेले. १९५०, एक. १९५१, एक. दर वर्षाचा एक जून होता आणि दर वर्षी एकच माणूस. नुसता एक जूनच नाही, अख्ख्या यादीत कुठलीच तारीख दुसऱ्यांदा नव्हती. आणि माझ्या कानात काकांचं जिन्यातलं वाक्य वाजायला लागलं. थंय सगळेच एक जूनवाले.

लालबाग, परळ, काळाचौकी, घोडपदेवच्या म्हाताऱ्यांची यादी, आणि एका वर्षाला एक जूनचं एकच माणूस? कसं शक्य आहे? आमच्या चाळीतल्या एका मजल्यावर त्यापेक्षा जास्त आहेत! "हात मेल्यांनो!" मी इतक्या जोरात ओरडले की आईच्या हातून भाजीची वाटी पडली.

माझी ट्यूब पेटली होती. आता जरा धीर धरा, दोन मिनिटं कम्प्युटरचं सांगते, अवघड नाही. जावामध्ये पुष्कळ गोष्टी एकत्र ठेवायला वेगवेगळी भांडी मिळतात. लिस्ट म्हणजे साधी रांग, जो येईल तो मागे उभा राहील, एकासारखे दहा आले तरी दहाही उभे राहतील. सेट म्हणजे ज्यात तीच गोष्ट दुसऱ्यांदा घेत नाहीत. आणि ट्रीसेट म्हणजे असा सेट, जो आपला आपण सगळ्यांना क्रमाने लावून घेतो. मात्र क्रम कशावरून लावायचा ते त्याला आपण सांगायचं असतं. तुम्ही जर सांगितलंत की फक्त जन्मतारीख बघ, तर तो बिचारा फक्त जन्मतारीखच बघतो. दोघांची तारीख एक निघाली की त्याच्या लेखी तो एकच माणूस. पहिला आला तो आत. दुसरा आला की दार बंद. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, काही नाही. माणूस गुपचूप बाहेर राहतो.

नळावर दोन हंडे एका मापाचे आले म्हणून दुसरा हंडा कोणी उचलून गटारात टाकतं का? तसं कोणी केलं असतं तर आमच्या चाळीत डोकी फुटली असती. इथे माणसं टाकली होती आणि भिंतीवर पानं चिकटवून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली आणि दादरला ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन बसले. पद्मजा मॅडम माझं सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. मी तारखा दाखवल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या वरदने केलंय ते. माझा भाचा. इंजिनिअर आहे. फुकट केलंय हो, सेवा म्हणून."

"फुकट केलं म्हणून कोणाचेही डोळे घालवायचे काय?" मी म्हटलं. "बोलवा त्याला."

वरद आला. पंचविशीचा, चष्मा, पाठीला बॅग, दादरचाच राहणारा. मला ताई म्हणाला, लॅपटॉप उघडला, प्रोग्रॅम दाखवला. शोधायलासुद्धा लागलं नाही. ट्रीसेट, आणि क्रमासाठी जन्मतारीख. बस्स, तेवढंच.

"ट्रीसेट का घेतलास?"

"मागच्या वर्षी काही लोकांनी दोन-दोन टेबलांवर नाव दिलं होतं," तो म्हणाला. "डुप्लिकेट काढायचे होते, म्हणून सेट. आणि वयाप्रमाणे लावायचे होते, म्हणून ट्रीसेट. दोन्ही कामं एकात होतात."

"झालं की काम! चोर सोडून संन्याशाला फाशी. दोनदा नाव देणारा कोण ते तू जन्मतारखेवरून ठरवलंस. चालवून बघितलं होतंस?"

"हो ना. घरच्यांची नावं घालून. आई, बाबा, आजी, आजोबा, मावशी, काका. सगळे बरोबर आले."

घरच्यांची! ज्यांच्या घरात जन्माचं मिनिट लिहून पत्रिका काढून ठेवतात, त्यांची! त्यांच्या तारखा कशाला सारख्या येतील? मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "एकाच वर्षी, एकाच दिवशी जन्मलेले दोन पेशंट, हा तसा एज केस आहे ताई."

एज केस! म्हणजे हजारात कधीतरी एखाद्या वेळी होणारी गोष्ट!

"अरे बाळा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला तो बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार, "अख्खं गिरणगाव एक जूनला जन्मलंय! डोक्यावरून हात घालून कान धरायला लावला आणि मास्तरने लिहिलं एक जून! ज्यांच्यासाठी तुम्ही शिबिर मांडलंत त्यांना तू एज केस म्हणतोस? त्यांची जन्मतारीख विचारलीत, टाईप केलीत, हसलात, आणि तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही?"

वरदचं तोंड एवढंसं झालं. बोलल्या त्या पद्मजा मॅडम, आणि हळू आवाजात. "मी नोकरी करायचे त्या ऑफिसात," त्या म्हणाल्या, "सगळे एक जूनवाले, म्हणून एकतीस मेला निम्मं ऑफिस रिटायर व्हायचं. एकाच दिवशी दहा-बारा निरोपसमारंभ. आम्ही हसायचो."

म्हणजे माहीत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती खरी तिथे. ज्याला माहीत नव्हतं त्या पोराला मी दोन शिव्या कमी देईन. पण यांना माहीत होतं. यांनी ते सेंडऑफचे पेढे खाल्ले होते. आणि म्हातारा समोर उभा राहून सांगतोय की मी नाव दिलं, तर त्याला लॅपटॉपकडे बघून दिवाळीनंतर या म्हणतात.

आणि अजून एक गोष्ट होती, ती मी वरदला बोट ठेवून दाखवली. ट्रीसेटमध्ये एखादं नाव टाकायला गेलं की तो उत्तर देतो. घेतलं असेल तर हो, नसेल तर नाही. प्रत्येक वेळी देतो. लवू घाडींच्या वेळी त्याने नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांच्यासारख्या प्रत्येकाच्या वेळी सांगितलं होतं. वरदच्या प्रोग्रॅममध्ये ते उत्तर घेणारी ओळच नव्हती. त्याने विचारलंच नव्हतं.

"सॉरी," वरद म्हणाला.

"मला नको म्हणूस."

नशीब एवढंच की टेबलांवर टाईप केलेल्या मूळ नोंदी तशाच शाबूत होत्या. गळती यादी करताना झाली होती. आम्ही तिथेच बसून दुरुस्ती केली. खरोखर दोनदा नाव दिलेली माणसं आधी ओळखपत्राच्या नंबरावरून काढली. ती सगळी मिळून पाच-सहा निघाली. त्या पाच-सहा जणांसाठी हा सगळा सेटचा घोळ! बाकीचे सगळे साध्या लिस्टमध्ये घातले आणि लिस्ट जन्मतारखेने लावली. लिस्टचं एक बरं असतं, दोघांची तारीख एक असली तर ती त्यांना आल्या क्रमानेच उभं ठेवते. आधी आला तो आधी. बरोबरीचा म्हणून कोणाला हाकलत नाही. वरदने प्रोग्रॅम चालवला आणि यादी लांबत गेली. साठच्या वर माणसं परत आली. एक जून, एक जून, एक जून, पानभर. वरद ते बघत चष्मा पुसत राहिला. मला त्याची दया आली नाही. आता येते थोडी.

मी मॅडमना सांगितलं, यातल्या प्रत्येकाला फोन करा आणि चूक आमची होती असं सांगा. त्या हो हो म्हणाल्या. दोन दिवसांनी हॉलच्या भिंतीवर नवीन पानं लागली. वर छापलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव सुधारित यादी.' बस, इतकंच. फोन गेले ते नुसते तारीख कळवायला. चूक कोणाची, ती कशी झाली, ज्यांना परत पाठवलं त्यांचं काय, अक्षर नाही. तांत्रिक कारण म्हणजे काय हो? एखाद्याला घरच्यांनी वेड्यात काढलं तर ते कुठल्या तंत्रात बसतं?

काकांना फोन आला तेव्हा तो गंगुकाकींनी घेतला. काका म्हणाले, "पुन्हा चुकीचो आसतलो." त्यांचा विश्वासच बसेना. म्हणून मी त्यांना हाताला धरून हॉलपर्यंत घेऊन गेले. भर दुपार होती. भिंतीसमोर आणखी तीन-चार म्हातारी माणसं नाक कागदाला लावून उभी होती. काकांना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी उगाच बोट कागदावर ठेवलं, भलत्याच ओळीवर.

"वाच गो," ते म्हणाले.

मी त्यांचं बोट उचलून बरोबर जागी ठेवलं आणि वाचलं. "घाडी लवू सखाराम. घोडपदेव. एक जून एकोणीसशे एकोणपन्नास." पुढे दिवस होता, मे महिन्यातला. श्रावणाला भरपूर वेळ होता. मी तेही सांगितलं. म्हटलं, नानांना कळवते, ब्रश धुवून ठेवा. मला वाटलं, आता हसतील.

काकांनी बोट काढलं नाही. नाव होतं तिथेच दाबून धरलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "म्हंजे मी गेल्लंय मा?"

"गेला होतात काका," मी म्हटलं. "रांगेत उभे होतात, नाव दिलं होतंत. ती मुलगी हसली होती. सगळं खरं आहे. त्यांनीच तुम्हाला बाहेर ठेवलं."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

"गौतमाक लाव," ते म्हणाले. "आणि तूच सांग. माझां त्येका खरां वाटाचां नाय."